पत्रकावर सगळेच अ-१, मग शाळा पारखायची कशी?

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट ६४, शिक्षक तीन. यंदा पालकसभेत मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. शाळा दिसायला छान आहे. भिंती रंगवल्यात, टीव्ही लावलाय, सजावटीच्या स्पर्धेत तालुक्यात नंबरही आला. प्रगतिपत्रकावर बहुतेक पोरांना अ-१ नाहीतर अ-२. पण माझा तिसरीतला मुलगा दुकानावरची पाटीसुद्धा अडखळत वाचतो. गुरुजींना विचारलं तर म्हणतात, येईल हळूहळू. गावातली आठ-दहा मुलं व्हॅननं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात आणि त्यांच्या घरचे म्हणतात, इथे काही शिकवतच नाहीत. मी फक्त बारावी शिकलेय. सभेला रजिस्टर पुढे येतं, मी सही करते. शिकवणं चांगलं आहे की नाही, हे मी ठरवू कशी? आणि मुलाला व्हॅनमध्ये बसवू का?
— एक अध्यक्ष, बीड जिल्हा

उत्तर

ताई, नमस्कार.

'फक्त बारावी' हे तुम्ही दबकत लिहिलंय, ते आधी मनातून काढा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद आई-वडील किंवा पालक लागतात आणि निम्म्या स्त्रिया लागतात. समितीच्या कामांत पहिलंच काम लिहिलंय ते शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवण्याचं. तिथे डी.एड.ची अट नाही. तिसरीतल्या पोराला वाचता येतं का, हे बघायला बारावी पुष्कळ झाली.

रंग, टीव्ही आणि स्पर्धेतला नंबर बाजूला ठेवा. युडायस या सरकारी पोर्टलवर प्रत्येक शाळेची माहिती निघते, तीही खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, शिक्षकसंख्या अशीच. ती हवीच, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

उत्तर अ-१ मध्येही नाही. अ-१ म्हणजे ९१ ते १०० गुण. ऑगस्ट २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण आकारिकचे आणि तिसरी-चौथीला ६०. आकारिक म्हणजे वर्षभरातलं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, लहान चाचण्या. कल्पना मला तेव्हाही पटली होती, आजही पटते: पेपर बघून घाबरणाऱ्या पोरावर एका दिवसात शिक्का बसू नये. पण गुण देणारा हात शिकवणाऱ्याचाच असतो. कमी दिले तर वरून विचारणा, घरून नाराजी, आणि जादा तासांचे जादा कागद. जास्त दिले तर कोणी चकार शब्द काढत नाही. वर्णनात्मक नोंदींचं तर विचारू नका. त्याची तयार पुस्तकं दुकानात मिळतात. 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य मी इतक्या पत्रकांवर वाचलंय की त्या पोराचा चेहरा डोळ्यांपुढे येणं शक्यच नाही. आता पॅटच्या, म्हणजे नियतकालिक मूल्यांकनाच्या, चाचण्या असतात, पायाभूत आणि दोन संकलित. त्यांचे पेपर राज्याकडून येतात, तपासतात मात्र वर्गशिक्षकच. म्हणून गुणांचा तक्ता न मागता पोरांच्या उत्तरपत्रिका बघायला मागा. प्रश्न कोणता सुटला आणि कोणता कोरा राहिला, हे त्यात दिसतं.

तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारलेत, ते सोडवून घेऊ. मुलं कुठवर पोचली, हा एक. गुरुजी शिकवतात कसे, हा दुसरा. ज्या पोराची आई रोज रात्री त्याला घेऊन बसते आणि ज्याला शिकवणी आहे, ते गुरुजींनी झोपा काढल्या तरी वाचायला शिकेल. आणि ज्याचे आई-बाप दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्याला जातात, ते पोर चांगल्या गुरुजींच्या हाताखाली अक्षरांवरून शब्दांवर आलं, तर वर्गात ते मागेच दिसेल; पण शाळेनं त्याच्यावर केलेलं काम पहिल्या पोरापेक्षा मोठं असेल. त्यामुळे पोरं आज कुठे आहेत एवढ्यावर थांबू नका. जूनमध्ये कुठे होती आणि मार्चमध्ये कुठे आली, हे बघा. त्यातही वर्गातल्या शेवटच्या चार-पाच मुलांचं बघा. पहिल्या चार-पाच जणांवरून शाळा ओळखायला गेलात तर त्यांच्या घरांची ओळख होईल, शाळेची नाही.

हे मोजायचं कसं? 'प्रथम' नावाची संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यात मुलांची चाचणी शाळेत न घेता कार्यकर्ते घरोघर जातात, एकेका मुलाला जवळ बसवून एक कागद देतात. कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं. एका मुलाला पाच-सात मिनिटं. हे तुम्ही करू शकता, दोन सभासद आयांना सोबत घेऊन, गुरुजींना आधी सांगून.

वाचायला चालू पुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ असतो. पोर बोट फिरवत घडाघडा म्हणतं आणि आपण खूश होतो. बोट मधेच एका शब्दावर ठेवून 'हा कोणता?' विचारलं की ते सुरुवातीपासून म्हणायला लागतं, तेव्हा कळतं. दुसरीचं जुन्या अभ्यासक्रमाचं बालभारती कुणाच्या तरी माळ्यावर सापडेल, त्यातली न पाहिलेली गोष्ट काढा. पाचवीच्या मुलांना 'किशोर'चा जुना अंक चालेल. वाचताना कुठे अडतं ते टिपून ठेवा: मात्रा-वेलांटीला, रफाराला, की जोडाक्षराला. 'वाचता येत नाही' या तक्रारीपेक्षा 'जोडाक्षर आलं की थांबतो' ही नोंद गुरुजींच्या जास्त कामाची. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि गोष्टीत काय झालं ते विचारा. सांगता आलं नाही, तर ते वाचन नव्हे.

वजाबाकीला ५२ वजा २७ द्या. बरीच पोरं उत्तर ३५ काढतात. हे नीट बघा, कारण ती अंदाजपंचे ठोकत नाहीत. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढा एकच नियम त्यांनी धरलेला असतो: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दशक मोडून सुटे करायचे हे त्यांना कधी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवलेलंच नसतं, किंवा दाखवलं त्या दिवशी ती गैरहजर असतात. वर्गातल्या निम्म्या पोरांचं उत्तर ३५ आलं, तर चूक पोरांची म्हणता येणार नाही. तो धडा पुन्हा घ्यायला हवा. मग त्याच पोराला तोंडी विचारा: दुकानदाराला पन्नासची नोट दिली, सामान अठ्ठावीसचं, परत किती? यात पुष्कळ जण पटकन बरोबर येतात. डोकं आहे, कागदाशी त्याचा सांधा जुळलेला नाही. (आणि 'सत्तावीस लिही' म्हटल्यावर पहिलीतल्या एखाद्यानं ७२ लिहिलं, तर कपाळावर हात मारू नका. ऐकताना सात आधी येतो, तो त्यानं आधी लिहिला.)

प्रत्येकाच्या नावापुढे वहीत एवढंच लिहा: अक्षर, शब्द, उतारा की गोष्ट, वजाबाकी येते की नाही, भागाकार येतो की नाही. एकदा आत्ता, एकदा दिवाळीच्या सुटीनंतर, एकदा मार्चमध्ये. टक्के काढू नका. तुमच्या तिसरीत बारा-तेरा मुलं असणार. एक पोर वाचायला लागलं की टक्केवारी आठानं वर जाते आणि एक कुटुंब स्थलांतर करून गेलं की आपटते. एवढ्याशा वर्गाची गेल्या वर्षीच्या वर्गाशी टक्क्यांत तुलना करण्यात अर्थ नाही. नावानिशी बघा.

अपेक्षा किती ठेवायची, हेही ठरलेलं बरं. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं उद्दिष्ट असं की तिसरी संपताना मुलानं अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगानं, अर्थ समजून वाचावा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. प्रत्यक्षात २०२४च्या असरमध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीची गोष्ट तिसरीच्या शंभरातल्या साधारण २३ मुलांना वाचता आली, पाचवीच्या ४५ मुलांना. म्हणजे तुमच्या पाचवीतली निम्मी मुलं गोष्ट वाचत असतील, तर तुमची शाळा जगावेगळी वाईट नाही. समाधान मानावं अशीही नाही. 'येईल हळूहळू' हे पहिलीतल्या पोराबद्दल ठीक. तिसरीत ते ऐकून गप्प बसू नका, कारण चौथीपासून परिसर अभ्यासाचं आणि गणिताचं पुस्तक पोराला वाचता येतं असं धरूनच लिहिलेलं असतं.

आता दुसरा प्रश्न, शिकवण्याचा. यासाठी वह्या मागा. सभेत नको, एखाद्या दुपारी सहज. एका वर्गाच्या दहा वह्या घेऊन एकच पान उघडा. दहाही वह्यांत 'माझी आई' खूप प्रेमळ असेल, पहाटे लवकर उठत असेल आणि स्वयंपाक छान करत असेल, तर निबंध फळ्यावरून उतरलाय. पोरांना लिहायला लावलं असतं तर एकीची आई कापूस वेचायला गेली असती, एकीची मोबाइलवर बोलत बसली असती, एकीची मामाच्या गावाला रुसून गेली असती, आणि निम्मे शब्द ऱ्हस्वदीर्घानं चुकलेले असते. अशी चुकांची वही दिसली तर खूश व्हा. मग तांबडी खूण बघा. चुकीच्या गणितावरही बरोबरची खूण असेल, तर वही तपासलेली नाही, नुसती उलटलेली आहे. खुणेपेक्षा खुणेच्या पुढचं बघा: चुकलेलं उदाहरण पोराकडून पुन्हा सोडवून घेतलंय का? मला विचाराल तर शिक्षकाची सगळ्यात प्रामाणिक साक्ष तीच. टाचणवही साहेबांसाठी लिहिली जाते, चूक दुरुस्त करून घेणं पोरासाठीच होतं.

वर्गातही बसा, तासभर. मुख्याध्यापकांना सांगून, मागच्या कोपऱ्यात, फोन पिशवीत ठेवून. तुम्ही आलात म्हणून पहिली दहा मिनिटं नाटक होईल, ते सोडून द्या. तीन शिक्षक आणि पाच वर्ग, म्हणजे एका-दोघांकडे तरी जोडवर्ग आहेत. कायद्याच्या हिशोबानं ६१ ते ९० मुलांना तीनच शिक्षक मिळतात, त्यामुळे त्यात शाळेचा दोष नाही. पण गुरुजी तिसरीला शिकवत असताना दुसरी काय करते, हे बघण्यासारखं असतं. धडा उतरवून काढत बसली असेल तर रोजचे दोन तास वाया. जोडी-जोडीनं एकमेकांना वाचून दाखवत असेल, चिंचोके मांडून बेरजा करत असेल, तर गुरुजींना बहुवर्ग हाताळता येतात. प्रश्न कुणाला विचारले जातात ते मोजा. दर वेळी त्याच चार हात वर करणाऱ्यांना? न येणाऱ्याला विचारल्यावर दोन श्वास थांबतात, की लगेच 'बस खाली, तू सांग गं'? आणि पोरं प्रश्न विचारतात का? ज्या वर्गात पोर उठून 'गुरुजी, नाही कळलं' म्हणतं, तिथे मला बाकी फारसं तपासावंसं वाटत नाही.

मागे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे. काहींनी परत येताना तिथली शिकवण्याची रीत आणली, काहींनी फरशीवरची रंगीत आखणी तेवढी आणली. तुमच्या शाळेतही फरशीवर काही आखलेलं असेल, तर त्यावर पोरं रोज बसतात का ते बघा. रंग झिजला असेल तर उत्तम.

गुरुजींच्या बाजूनंही एक हिशोब मांडा, नाहीतर ही सगळी तपासणी एकतर्फी होईल. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरचं काम द्यायचं नाही. तरी ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, प्रशिक्षणं, बैठका, 'आजच फोटो अपलोड करा' हे चालूच असतं. एक महिना साधी नोंद ठेवा: कोणत्या दिवशी तीनही शिक्षक वर्गावर होते, कोणत्या दिवशी दोन, कोणत्या दिवशी एक. एकच शिक्षक पाच वर्ग सांभाळत असेल अशा दिवसांची संख्या मोठी निघाली, तर तो कागद गुरुजींच्या विरोधात नाही, त्यांच्या बाजूचा आहे. समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. गावच्या सहीचं पत्र आणि एकट्या शिक्षकाची कुरकुर यांना कचेरीत सारखी वागणूक मिळत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची पोरं हा बीडमधल्या कुठल्याही शाळेचा खरा कस. ती पटावर असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसेनाशी होतात. गाव सोडण्याआधी त्यांना शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणूनचं) मिळतं का, आजी-आजोबांकडे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो का, आणि परत आल्यावर त्यांना नुसतं मागच्या रांगेत बसवतात की कुठे सुटलं ते बघून तिथून सुरू करतात, हे विचारा. तुमच्या वहीत त्यांची नावं वेगळी ठेवा. 'ती मुलं धरली नाहीत तर आमचा निकाल चांगला आहे' असं कुणी म्हणालं, तर ती मुलं नेमकी धरायचीच आहेत.

सभेत हे मांडायचं कसं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ग्रामसभेत नको. व्हॉट्सॲपच्या गटावर पोरांची नावं आणि व्हिडिओ तर मुळीच नको. जे पोर अडखळलं त्याला गावभर फिरवल्यासारखं होईल. आधी मुख्याध्यापकांना एकट्यांना वही दाखवा आणि म्हणा, 'सर, तिसरीतली ही पाच मुलं अजून शब्दावर आहेत, यांच्यासाठी काय करता येईल?' कुणाची चूक हे काढू नका. मागणी एकच ठेवा, ठोस: रोज एक तास वर्ग बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, गोष्टवाले एकीकडे, मग ते दुसरीतले असोत की पाचवीतले. तीन शिक्षकांच्या शाळेत हे जमतं. उलट जोडवर्गांपेक्षा सोपं जातं. प्रथमनं ही रीत अनेक राज्यांत वापरलीय आणि तिच्या काटेकोर चाचण्याही झाल्यात. गुरुजी हो म्हणाले तर इतिवृत्तात लिहून घ्या. चिडले तर आठवडाभर जाऊ द्या, पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही टाळलं, तर केंद्रप्रमुखांना शाळेवर बोलवा आणि त्यांच्यासमोर तीच पाच मुलं वाचायला बसवा.

राहिली व्हॅन. तिथली मुलं हुशार दिसतात, त्यात फी भरू शकणारी, शिकवणी लावणारी घरं किती आणि शाळेचं शिकवणं किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. एका पोराला संध्याकाळी जवळ बोलवा, त्याचं इंग्रजी पुस्तक वाचायला सांगा, आणि वाचलेलं मराठीत सांगायला लावा. सांगितलं तर शाळा शिकवतेय. नुसतंच सुरात वाचून थांबलं, तर तुम्ही महिन्याची फी उच्चारांसाठी भराल. तुमचा मुलगा मराठीत अडखळतोय. घरात कुणी बोलत नाही त्या भाषेत त्याला आत्ता टाकलं तर अडखळणं दोन भाषांत होईल. मी या वर्षी हलवणार नाही. मार्चपर्यंत गट सुरू झाले, तो शब्दावरून उताऱ्यावर आला, तर तिथेच ठेवा. शाळेनं काहीच केलं नाही, तर बदला, पण आधी जवळपासच्या दुसऱ्या मराठी शाळेत याच कागदानं चौकशी करून.

मुलासाठी एक काम मात्र याच आठवड्यात करा. त्याचे डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्याची वाट बघत बसू नका, ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. अडखळत वाचणाऱ्या पोरांत फळा न दिसणारी पोरं निघतात आणि ती स्वतःहून सांगत नाहीत, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटतं. डोळे चांगले असतील, रोज वीस मिनिटं तुमच्याजवळ बसून वाचूनही दोन-तीन महिन्यांत अक्षरांची उलटापालट थांबली नाही, तर जिल्हा रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची चौकशी करा. तसं काही निघालं, तर त्याला परीक्षेत सवलती मिळतात, आणि त्या चौथी-पाचवीच्या आधीच कागदावर आलेल्या बऱ्या.